सीना वर्गाचा रडार उंच हवा
आपल्या सोलापूरकरांच्या कल्पित आरमारातल्या सीना वर्गाच्या विनाशिकेचं वर टाकलेलं रेखाटन झकास आहे. जिल्ह्यातल्या नद्यांची नावं तर फारच आवडली! पण ५००० टनांत ९६ क्षेपणास्त्रं कोंबून मास्ट (रडार बसवायचा उंच खांब) बुटका ठेवलाय, ते पटलं नाही. रडार २५ मीटर उंचीवर असला तरी पाण्यालगत ५ मीटरवरून येणारं क्षेपणास्त्र पृथ्वीच्या गोलाईमुळे जेमतेम ३० किलोमीटरवर दिसतं. सेकंदाला ३०० मीटर वेग धरला तर हातात उरतात शंभरेक सेकंद. रडार खाली आणलात की तेवढेही नाहीत. आपल्या नौदलाची विनाशिका आयएनएस विशाखापट्टणम बघा: साधारण ७४०० टन, तरी क्षेपणास्त्रं ४८च: ३२ बराक-८ (विमानं-क्षेपणास्त्रं पाडणारी), १६ ब्रह्मोस (जहाजांवर मारा करणारी). मास्ट उंच घ्याच, वरचं वजन वाढून जहाज डोलेल म्हणून क्षेपणास्त्रं ४८ वर आणा. भीमा वर्गाच्या जहाजाचं रेखाटनही टाका लवकर.