पत्ता एवढासा, मग जनुक सापडतं कसं?

जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रत्येक नियंत्रक प्रथिनाला जनुकाचा ‘पक्का पत्ता’, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचा छोटासा क्रम, माहीत असतो, असं या चर्चेत म्हटलंय. कसला पक्का! नुसतं ‘गणेश चाळ’ सांगून आमच्या लालबागेत घर शोधायला पाठवावं, तशी गत. सहा अक्षरांचा क्रम योगायोगानेही सरासरी ४०९६ अक्षरांत एकदा येतो. माणसाच्या सुमारे ३ अब्ज अक्षरांत सात लाखांहून जास्त जागा झाल्या.

भ्रूणात शरीराचा कुठला भाग कुठे घडावा हे ठरवणारी हॉक्स ही नियंत्रक प्रथिनं तर जवळजवळ सारखेच क्रम ओळखतात. फळमाशीत एक्स्ट्राडेंटिकल हे जोडीदार प्रथिन शेजारी बसलं, की मग त्यांच्या निवडीतला फरक दिसतो.

शिवाय बराचसा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला, म्हणजे पत्ता असूनही दार बंद. फॉक्सए हे नियंत्रक प्रथिन मात्र अशा बंद भागातही शिरतं. भ्रूणात अल्ब्युमिनचं (यकृतात बनणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाचं) जनुक सुरू होण्याआधीच त्याच्या एन्हान्सरवर, म्हणजे जनुकाचं काम वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर, फॉक्सए हजर असतं. हा मुद्दा चर्चेत कुणीच कसा काढला नाही?