मदत हवी आहे: गळा आणि पेटी वेगळ्या ट्रॅकवर घ्यायला कोणता ऑडिओ इंटरफेस?

नमस्कार मंडळी,

आई अभंग आणि नाट्यपदं गाते, पेटीही स्वतःच वाजवते. तिचं गाणं नीट जपून ठेवायची फार इच्छा आहे. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर फोन आवाजाची पातळी आपली आपणच वरखाली करतो. आई श्वास घ्यायला थांबली की पेटी एकदम अंगावर येते, तान सुरू झाली की पेटी गायब. म्हणून दोन माइक, दोन ट्रॅक, आणि ते माइक लॅपटॉपला जोडणारा ऑडिओ इंटरफेस.

लॅपटॉप विंडोज ११ चा. गळ्यासाठी शुअर एसएम५८ माइक घरात आहे, पेटीसाठी कंडेन्सर माइक घेणार. फोकसराइट स्कार्लेट सोलो बजेटमध्ये बसतो, पण त्यात माइकचं इनपुट एकच, दुसरं गिटार किंवा लाइनचं. म्हणजे तो बादच ना? बेहरिंजर यूएमसी२०२एचडीत दोन माइक लागतात, पण ४८ व्होल्ट फँटमचं (कंडेन्सर माइकला केबलमधूनच मिळणाऱ्या विजेचं) बटण दोन्हींना मिळून एकच. एसएम५८ ला त्रास होईल का?

दुसरं, एका मित्राच्या इंटरफेसवर करून पाहिलं तेव्हा हेडफोनमध्ये आईला स्वतःचा आवाज उशिरा येत होता आणि तिची लय मोडत होती. यावर काय करायचं?

---

प्रतिसाद

हो, सोलो बाद. यूएमसी२०२एचडी किंवा स्कार्लेट २आय२ घ्या, तुमच्या कामाला दोन्ही चालतील. केबल धड एक्सएलआरची (तीन पिनांची माइकची) असेल तर फँटममुळे एसएम५८ ला काही होत नाही. फक्त माइक लावताना-काढताना ते बंद ठेवा.

आवाज उशिरा येतो कारण तो लॅपटॉपमधून फिरून येतो. ४८ किलोहर्ट्झला ५१२ चा बफर (लॅपटॉप एका वेळी साठवून मग पुढे पाठवतो तेवढे आवाजाचे नमुने) म्हणजे एका बाजूनेच जवळपास ११ मिलिसेकंद, वर परतीचा वेळ वेगळा. डायरेक्ट मॉनिटर चालू करा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, आईंना आवाज थेट इंटरफेसमधून ऐकू येईल. एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) कंपनीच्या साइटवरूनच घ्या. यूएसबी हब नको, थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडा. गुणगुण आली तर चार्जर काढून बघा.

माइक कुठे लावता यावर खरं सगळं अवलंबून आहे. एसएम५८ ला पाठीमागचं कमी ऐकू येतं, तेव्हा तो तोंडापासून चार बोटांवर, खालून वर तिरपा ठेवा, म्हणजे त्याची पाठ पेटीकडे होते. कंडेन्सर पट्ट्यांच्या वर, भात्यापासून लांब. तरी थोडं एकमेकांत मिसळणारच, एका खोलीत ते टळत नाही.

तबलाही घ्यायचा असेल तर आत्ताच सांगा, मग चार इनपुटचा बघावा लागेल.