द्विगुणित आणि समयुग्मजी: 'दोन' कशाचे?

प्रश्न: मुलगी बारावीला आहे, परळला क्लासला जाते. तिने लिहिलं, 'ज्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन सारखे संच असतात तो समयुग्मजी.' बाईंनी फुली मारली. 'द्विगुणित' आणि 'समयुग्मजी', दोन्ही शब्दांत 'दोन' आहे, मग चुकलं कुठे?

उत्तर: तिने मोजणी आणि तुलना एकत्र केली. 'द्विगुणित' हा निव्वळ मोजणीचा शब्द आहे: संच किती, एवढंच तो सांगतो. माणसाला २३ गुणसूत्रांचा, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या धाग्यांचा, एक संच आईकडून, एक वडिलांकडून मिळतो, म्हणून तो द्विगुणित. बीजांडात किंवा शुक्राणूत एकच संच, म्हणून ते एकगुणित. बाजारातली बहुतेक केळी त्रिगुणित असतात. तीन संचांची नीट वाटणी होत नाही, म्हणून त्यांत बी धरत नाही. पोळीचा गहू तर षट्गुणित, ४२ गुणसूत्रांचा.

'समयुग्मजी' मात्र एकेका जनुकापुरता, म्हणजे गुणसूत्रावरच्या एकेका सूचनेपुरता बोलतो. युग्मज म्हणजे बीजांड आणि शुक्राणू एक होऊन झालेली पहिली पेशी. तिच्यात एखाद्या जनुकाची दोन्हीकडून आलेली रूपं, म्हणजे ॲलील, सारखी असली तर त्या जनुकासाठी समयुग्मजी, वेगळी असली तर विषमयुग्मजी. त्यामुळे नुसतं 'तो समयुग्मजी आहे' हे वाक्य अर्धवट राहतं. कोणत्या जनुकासाठी, ते सांगायलाच हवं. मुलीला हे 'साठी' आवर्जून लिहायला सांगा.

उदाहरण आपल्या शहरातलंच घ्या. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली 'बॉम्बे' रक्तगटाची नोंद केली. या माणसांत एच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात, त्यामुळे ओ गटाच्या रक्तपेशींवरही असणारा एच हा घटक त्यांच्या शरीराला परका वाटतो, म्हणून त्यांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं. ती द्विगुणित आहेत तुमच्या-आमच्यासारखीच. वेगळेपण आहे ते एका जनुकाच्या जोडीत.

प्रश्न: दोन्ही निकामी, म्हणजे दोन्ही सारख्या, असंच ना?

उत्तर: रक्ततपासणीच्या नजरेतून सारख्या. पण डीएनए अक्षर अक्षर वाचला, तर एक प्रत एका जागी बिघडलेली आणि दुसरी भलत्याच जागी, असंही कधी आढळतं. त्या बारकाईने पाहिलं तर ती व्यक्ती त्या जनुकासाठी विषमयुग्मजी ठरते. 'सम' हा शब्द किती जवळून पाहिलं यावर अवलंबून आहे. 'द्विगुणित'चं तसं नाही, तिथे संच मोजले की झालं.

आणि मधमाश्यांतला नर एकगुणितच असतो. त्याच्याकडे तुलनेला दुसरी प्रतच नाही, म्हणून त्याला सम किंवा विषम यांतलं काहीच म्हणता येत नाही.