वरूडकडच्या गावात वाईन बार, तोही फ्रेंच जेवणाचा: हवा की नको?

आंबिया बहार: आमच्याकडचा एक पोरगा पुण्याच्या हॉटेलांत स्वयंपाकी होता. आता गावी परतून वीसेक खुर्च्यांचा वाईन बार काढतोय. जेवण फ्रेंच धाटणीचं, वाईन नाशिकची. गावात दोन तट पडलेत. माझं मत: काढू द्या. आपल्याकडे बार म्हणजे काळ्या काचा, ओले टेबल, चखण्याला शेंगदाणे आणि घरच्या बाईमाणसाला कधीच न दाखवायची जागा. जेवण आधी आणि ग्लास मागून येईल असं एक तरी ठिकाण असावं ना! 'फ्रेंच' ऐकून दचकू नका. रातातुई म्हणजे वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदा, मंद आचेवर शिजवलेलं. क्रेप आपल्या धिरड्याच्याच घराण्यातला. बदकाच्या मांसाला संत्र्याचा सॉस लावणारे लोक आहेत ते; आपण मात्र मोसमात व्यापारी म्हणेल त्या भावात संत्रा देऊन मोकळे होतो.

नदीपल्याडची: मी वर्धा जिल्ह्यातली, आष्टीकडची. सेवाग्राममुळे आमचा जिल्हा कोरडा. नदी ओलांडली की तुमचा अमरावती जिल्हा, तिथे सगळं खुलं. संध्याकाळी पुलावरून कोणत्या गाड्या जातात आणि रात्री कशा परततात, ते आम्ही पाहतो. तुमचा पोरगा चांगला असेलही. पण वाईनवर भाडं निघालं नाही की तोच माणूस परमिट रूमचं लायसन्स मागणार. मग तुम्ही म्हणाल, बायकांनी मतदान घेऊन आडवी बाटली करावी. त्यासाठी आधी सह्यांची मोहीम, मग निम्म्याहून जास्त मतं. बोला, कोणत्या घरातून बाई त्यासाठी सहज बाहेर पडू देतात?

फुकटचा सल्ला: भाऊ, काऊन वाद करून राह्यले? आधी मे महिन्याचं सांगा. तांबडी वाईन म्हणे रूम टेम्परेचरले प्यायची. ती रूम फ्रान्सची, सोळा-अठरा डिग्रीची! आपल्याइथं पंचेचाळीस. लाईन गेली की तुमच्या वाईनचं सार होते, बाप्पा. इन्व्हर्टरचा खर्च धरला काय त्यानं?

आंबिया बहार: @फुकटचा सल्ला, प्रश्न रास्त आहे. म्हणून तो पांढऱ्यावर भर देणार आहे, शेनिन ब्लांवर. मूळचं फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं द्राक्ष, नाशिकला चांगलं रुजलंय. थोडी गोडसर, थंड दिली की आपल्या तिखटाशी जुळते. तांबडीतल्या तुरटपणाने मात्र तिखट जास्तच चढतं, सावजी रश्श्यासोबत घेऊन पाहा.

निवृत्त मास्तर: तिखटाचं राहू द्या. फ्रान्सचं नाव घेताय तर तिथलंच ऐका. 1960 च्या सुमारास तिथे माणशी वर्षाला शंभर लिटरांवर वाईन खपायची. आता निम्म्याहूनही कमी. 1991 मध्ये त्यांनी दारूच्या जाहिरातींवर कडक कायदा केला. ते सोडायला लागले, आणि आपण आता शिकायला बसतोय!

चुलीवरचं: मास्तर, तेवढीच बाजू कशाला? पॅरिसमध्ये ओव्हेर्न्यच्या डोंगरातून आलेल्या गरीब लोकांनी कोळसा विकता विकता त्याच दुकानात वाईन द्यायला सुरुवात केली. तिथल्या कितीतरी लहान खानावळी अशाच वाढल्या. हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत. मला आक्षेप दुसराच आहे: वीस खुर्च्या भरायला गावात गिऱ्हाईक कोण? शिक्षक, डॉक्टर, दोन-चार कृषी केंद्रवाले. त्यांनाही ओळखीच्या माणसासमोर ग्लास हातात धरायची लाज. ते नागपूरला जाऊन पितील.

नदीपल्याडची: ती लाज आहे तोवर बरं आहे. ती गेल्यावरच माझी काळजी सुरू होते.

आंबिया बहार: ताई, लाजेने दारू कमी झालेली मी तरी पाहिली नाही. लपून प्यायली की लवकर संपवायची घाई असते, आणि रिकाम्या पोटी. परमिट रूमची शंका मात्र खरी आहे. पोराला मीच सांगेन: लायसन्स फक्त बिअर-वाईनचं घे, आणि जागेच्या भाडेकरारात मालकाकडून तसं लिहून घे. उद्या मालकच म्हणाला, 'व्हिस्की ठेव, भाडं वाढवतो,' तर?

फुकटचा सल्ला: मालक माह्या मामा आहे. तो म्हणलाच आहे.