लाइव्ह ऐकायला पुणंच कशाला?

‘लाइव्ह ऐकायचं तर पुणंच गाठावं लागतं’ असं एका भाऊंनी लिहिलेलं वाचून हसू आलं. गेल्या दत्तजयंतीच्या आठवड्यात आम्ही चौघांनी तीन रात्री जागवल्या. धुळ्याला अहिराणी ऑर्केस्ट्रा: कीबोर्डने गाणं पार बुडवलं, सोडा. सारंगखेड्याच्या यात्रेत दिवसभर घोडे पाहिले, रात्री तमाशा. पण खरी मजा अमळनेरकडच्या एका खेड्यात, वहीगायनाला, म्हणजे डफावर गायच्या खानदेशी लोकगीतांना. माईक नाही, स्टेज नाही. दवाने डफाचं चामडं ढिलं पडायचं, मग गडी उठून शेकोटीवर डफ शेकायचे, बोटाने टिचकी मारून बघायचे, पुन्हा सुरू. आमचा गिटारवाला मित्र तर गाण्यापेक्षा तेच बघत बसला! भाऊ, पुढच्या हिवाळ्यात या. गाडीत जागा आहे, ब्लँकेट तेवढं आपलं आणा.