रेणू दिसत नाही, पण त्याची ये-जा कळते
लेसरच्या ठिपक्यात रेणू दिसतच नसेल तर त्याचा वेग कसा कळतो, असा प्रश्न पडतो. फ्लुरोसन्स कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपी या पद्धतीत वेग नाही, रेणूचं ठिपक्यातलं रेंगाळणं मोजतात! ठिपका जेमतेम एक फेम्टोलिटरचा, म्हणजे एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) बाजूच्या घनाएवढा. चमकणारा रेणू आत शिरला की उजेड वाढतो, निसटला की उतरतो. या चढउताराचं स्वतःशीच किती काळ साम्य टिकतं, ते पाहायचं; त्यावरून रेणू आत किती वेळ रेंगाळला ते कळतं. पाण्यातलं ऱ्होडामिन ६जी हे चमकणारं रंगद्रव्य पाव मायक्रॉन त्रिज्येच्या ठिपक्यातून साधारण ४० मायक्रोसेकंदांत बाहेर पडतं. मॅग्ड, एल्सन आणि वेब या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९७२ साली डीएनएला चिकटणारं रंगद्रव्य घेऊन हे करून दाखवलं. खोच एकच: गोलसर प्रथिनाचं वजन दुप्पट झालं तरी हा काळ जेमतेम सव्वापट होतो. त्यामुळे दोन प्रथिनांची जोडी जमली की नाही, हे नुसत्या विसरणावरून (रेणूंच्या आपोआप पसरण्यावरून) सांगायला मी तरी धजावणार नाही.