मदत हवी आहे: 'कऱ्हाड' डोळ्यांना दिसतं, फिल्टरला दिसत नाही. शिवाय ₹ चा घोळ

नोंदवही
एक्सेलमध्ये खातेदारांची यादी आहे, चार जणांनी आपापल्या संगणकावर टंकलेली. सगळा मजकूर युनिकोडच आहे, फाँट एकच लावला आहे. अडचणी तीन:

१) गावाच्या रकान्यात 'कऱ्हाड' असा फिल्टर लावला की निम्म्याच ओळी येतात. उरलेल्या ओळींतही 'कऱ्हाड'च लिहिलंय, छापून ताडून पाहिलं, काडीचा फरक नाही.
२) ऑल्ट दाबून ८३७७ टंकलं की वर्डमध्ये ₹ येतं, एक्सेलमध्ये मात्र ╣ असलं काहीतरी.
३) काही जुन्या नोंदींत रकमेच्या आधी ₹ च्या जागी ` आहे.

विंडोज १०, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक.

कानामात्रा
पहिल्याचं उत्तर: तुमच्या यादीत एक नव्हे, तीन प्रकारची 'कऱ्हाड' असणार. 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' मधला तो आडवा अर्धा र तीन मार्गांनी उमटतो आणि चांगल्या फाँटमध्ये तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात. छापून ताडण्यात अर्थ नाही, कोड (प्रत्येक अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक) मोजा.

शेजारच्या रकान्यात लेन सूत्र लावा, ते अक्षरं मोजतं. उत्तर ६ आलं तर क, ऱ, हलन्त, ह, काना, ड अशी सरळ नोंद आहे. ७ आलं तर मिड सूत्राने एकेक अक्षर काढून ते युनिकोड सूत्राला द्या (एक्सेल २०१३ पासून पुढे हे सूत्र आहे). उरलेल्या दोन्ही प्रकारांत दुसऱ्या जागी २३५२, म्हणजे साधा र, मिळेल. निकाल तिसऱ्या जागी लागतो:

२३६४ असेल तर तो नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका. टंकणाऱ्याने जे या कळीने र काढून मग ] या कळीवरचा नुक्ता दिला.
२३८१ असेल तर तो हलन्त, आणि चौथ्या जागी ८२०५ सापडेल. हा शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. त्याला स्वतःचं रूप नाही, शेजारच्या अक्षरांनी कसं जुळावं एवढंच तो सांगतो.

इनस्क्रिप्टवर योग्य क्रम असा: शिफ्ट धरून जे (ऱ, कोड २३५३), मग डी (हलन्त), मग यू (ह). 'ऱ्या' हवा असेल तर शेवटी यू ऐवजी / आणि ई. चौघांनाही हाच क्रम सांगा, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा हेच.

नोंदवही
मोजलं. ७ वाल्यांत दोन्ही प्रकार निघाले. मग सगळीकडून ८२०५ उडवून टाकला तर?

कानामात्रा
अजिबात नको! जोडक गेला की उरतं र, हलन्त, ह. त्याचा रफार होतो आणि 'कर्हाड' दिसू लागतं. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं तर आणखी वाईट, कारण तोही खरा शब्द आहे. डोंगराच्या दऱ्यांचा समुद्र झालेला कुणाच्या लक्षातही येणार नाही. काही वेबफॉर्म 'अदृश्य अक्षरं साफ' करताना नेमकं हेच करतात.

उडवू नका, बदला. सब्स्टिट्यूट सूत्र (एका मजकुराच्या जागी दुसरा घालणारं) दोनदा लावा. एकदा २३५२, २३८१, ८२०५ या तिघांच्या जागी २३५३, २३८१. दुसऱ्यांदा २३५२, २३६४ या दोघांच्या जागी २३५३. प्रत्येक कोड युनिचार सूत्राने अक्षरात आणायचा आणि & ने जोडायचा. मग निकाल 'फक्त मूल्ये' म्हणून मूळ रकान्यावर चिकटवा.

मधलीरेघ
यात भर. पायथॉन वापरणारे म्हणतील, एनएफसी सामान्यीकरण (समतुल्य कोडांना एकाच रूपात आणणारी युनिकोडची पद्धत) चालवा, झालं. अर्धंच होतं. र आणि नुक्ता यांची जोडी युनिकोडच्या मते ऱ शी समतुल्य आहे, म्हणून एनएफसी ती जुळवून घेतं. जोडकवाला प्रकार समतुल्य मानलेला नाही, त्याला एनएफसी हातही लावत नाही. तो बदल स्वतःच लिहावा लागतो.

'ॲ' चंही तसंच. स्वतंत्र ॲ (२४१८) युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आला. त्याआधीच्या मजकुरात, आणि सवयीने आजही, अ (२३०९) वर चंद्र (२३७३) देतात. दिसायला एक, शोधात दोन, आणि एनएफसी इथेही गप्प. यादीत 'ॲड.' लावलेले वकील असतील तर तेही तपासा.

खिळेजुळारी
आता ₹. त्याचा कोड दशमानात ८३७७. वर्ड तो पूर्ण आकडा घेतं. इतर बरेच प्रोग्रॅम विंडोजच्या जुन्या पद्धतीने जातात, जिथे कोड ० ते २५५ एवढेच. आकडा मोठा असेल तर २५६ ने भागून उरलेली बाकी घेतात. ८३७७ मधून ३२ × २५६ = ८१९२ वजा केले की १८५. डॉसच्या जुन्या कोडपानावर (कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, याच्या तक्त्यावर) १८५ म्हणजे दुहेरी रेघांच्या चौकटीचा तुकडा, तोच तुमचा ╣. (ऑल्ट ०१८५, पुढे शून्य लावून, दिलंत तर विंडोजचं पान वापरलं जातं आणि वर चढवलेला १ येतो.)

ऑल्टचा नाद सोडा. भाषा सेटिंगमध्ये 'इंग्लिश (इंडिया)' कळफलक जोडा आणि उजवा ऑल्ट धरून ४ दाबा. एक्सेल, ब्राउझर, सगळीकडे चालतं. वर्डमध्ये आणखी एक सोय: इंग्रजी कळफलकावर २०बी९ (८३७७ च, पण सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत) टंकून ऑल्ट आणि एक्स. मात्र आधी ५०० सारखा आकडा चिकटून असेल तर वर्ड तोही कोडात धरतं. तेव्हा फक्त ती चार अक्षरं निवडून मग ऑल्ट-एक्स. उलटही होतं: कोणत्याही अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा, कोड दिसेल, पुन्हा दाबा, अक्षर परत.

` ची गोष्ट वेगळी. रुपयाचं चिन्ह १५ जुलै २०१० ला स्वीकारलं गेलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोड ६.० मध्ये आलं. मधल्या काळात असे फाँट फिरले ज्यांत टॅबच्या वरच्या ` कळीवर (कोड ९६) ₹ चं चित्र बसवलं होतं. फाँट बदलला की खालचा ` उघडा पडतो. ` च्या लगेच नंतर अंक आहे एवढं पाहून ₹ ने बदला, बाकीचे राहू द्या.

नोंदवही
₹ आणि ` दोन्ही मार्गी लागले. फिल्टरमध्ये अकरा ओळी अजून बाहेर आहेत. लेन ७, पण पहिली सहा अक्षरं बरोबर. ट्रिम लावूनही ७ च.

कानामात्रा
सातव्याचा कोड पाहा, १६० असेल. वेबपानावरून चिकटवताना येणारी न तुटणारी मोकळी जागा. ट्रिम फक्त ३२ कोडची जागा काढतं. सब्स्टिट्यूटने १६० काढा आणि मग ट्रिम लावा.

नोंदवही
१६० च होता. आता सगळ्या ओळी येतात.